ध्रुव अढळ, पण फुगणारा

पोखर्णीत नृसिंहाच्या देवळाचे दिवे मागे टाकून शेताकडे गेलात, तर उत्तरेला क्षितिजापासून जेमतेम 19 अंश वर ध्रुवतारा दिसतो. गावाचा अक्षांश तेवढा, म्हणून त्याची उंचीही तेवढीच. आपण त्याला अढळ म्हणतो. जागेपुरते ते ठीक. पण हा तारा दर चार दिवसांनी फुगतो आणि आकसतो. तेजातला फरक डोळ्याला कळत नाही इतकाच.

हे कसे घडते ते तपासायला असा तारा संगणकात बांधायचा, तो कांद्यासारखा. गाभा सोडून द्यायचा. हेलकावा तिथवर पोचतच नाही. त्यावर शे-दोनशे कवचे मांडायची आणि प्रत्येकाचा हिशेब करायचा: खालचा दाब वर ढकलतो किती, गुरुत्वाकर्षण खाली ओढते किती, उष्णता आली किती, गेली किती. फरक उरेल तितके कवच सरकवायचे, घड्याळ किंचित पुढे न्यायचे, पुन्हा तेच.

नुसत्या दाबावर हा झोका लवकरच थांबेल. त्याला दर फेरीत ढकलते हेलियम. सुमारे 40,000 केल्व्हिनच्या थरात हेलियम दाबले गेले की दुसरा इलेक्ट्रॉनही सोडते आणि प्रकाश अडवू लागते. पातेल्यावर झाकण बसावे तशी उष्णता कोंडते, थर वर उचलला जातो. वर जाऊन निवला की इलेक्ट्रॉन परततात, वाट मोकळी होते, सगळे खाली येते. उष्णता अशी अडवणाऱ्या-सोडणाऱ्या झडपेची कल्पना एडिंग्टनची. ती झडप हेलियमची, हे 1950च्या दशकात झेवाकिनने दाखवले.

खरी डोकेदुखी वरच्या विरळ वातावरणाची. आतली कवचे जोडीने हलतात, वरची मागे रेंगाळतात. ती अजून पडतच असतात, तोवर खालून नवा रेटा येतो आणि आघात-लहर उठते. तिथे तापमान एकदम उडी घेते, म्हणून कवचे फार पातळ घ्यावी लागतात. काही ताऱ्यांच्या वर्णपटात तर एकच रेषा दुभंगते: अर्धा वायू आपल्याकडे येणारा, अर्धा दूर जाणारा. प्रतिकृतीत तशी रेषा उमटली नाही, तर हिशेब चुकला.

असा चढ-उतार डोळ्यांनी पाहायचा असेल तर कार्तिकात वृषपर्वा तारकासमूहातला डेल्टा शोधा. त्याचे बदलते तेज गुडरिकने 1784 साली नोंदवले. शेजारच्या झीटा आणि एप्सिलॉनशी त्याची रोज तुलना करा. दीड दिवसात चढतो, उतरायला जवळपास चार दिवस घेतो.