मनाचा ताण आणि रक्ताचा दाब

“घरच्या काळज्यांनीं यांचा रक्तदाब वाढला,” असें आपण सहज बोलून जातों. त्यांत तथ्य आहे, पण अर्धेंच. राग वा भीति उत्पन्न होतांच मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून ॲड्रिनॅलिन स्रवतें, हृदय जोरानें चालूं लागतें व दाब चढतो. मन निवळलें कीं तो बहुधा उतरतोहि. १८९६ सालीं दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याचें यंत्र काढणाऱ्या इटलीच्या रिव्हा-रोची यांनाहि रोग्याच्या नुसत्या धास्तीनें पारा चढलेला आढळला होता. म्हणूनच रोग्याला पांच मिनिटें स्वस्थ बसवून मग दाब मोजावयाचा असतो.

परंतु घरीं निवांतपणें वारंवार मोजूनहि जो १३५/८५ च्या खालीं येत नाहीं, त्याचें खापर सुनेच्या उत्तरावर किंवा मुलाच्या परीक्षेवर कसें फोडावें? वय, आनुवंशिकता, स्थूलता आणि मीठ यांचा वांटा त्यांत मोठा असतो. (लोणच्याचा विषय निघतांच आमच्या पंक्तींत दाब चढतो, ती गोष्ट निराळी!)

सेवानिवृत्त होतांच “आतां कसली चिंता?” असें म्हणून आमच्या एका आप्तांनीं गोळ्या सोडल्या. मन खरोखरच शांत होतें. दाब मात्र मुकाट्यानें चढत होता. अर्धांगवायूचा झटका आला तो ऐन झोपाळ्यावर, सुपारी कातरतां कातरतां.