साताऱ्याभोवतीच्या तीन एकदिवसीय फेऱ्या

इ. स. १७०८ च्या जानेवारीत शाहू महाराजांस साताऱ्यास राज्याभिषेक झाला, आणि इ. स. १८४८ त राज्य खालसा होईपर्यंत छत्रपतींची गादी तेथे राहिली. अशा राजधानीचा इतिहास अजिंक्यताऱ्यावर व राजवाड्यात शोधण्याची आपली सवय आहे, आणि ती चुकीची नव्हे. परंतु राज्याच्या व्यवहाराशी ज्यांचा संबंध होता अशी पुष्कळ घराणी, तसेच शास्त्रीमंडळी, कृष्णाकाठच्या गावी राहत. त्यांची देवळे, वाडे व घाट तेथे आहेत, आणि आपल्या संग्रहांतील पुष्कळ कागदही अशाच गावांतून निघालेले आहेत. सकाळी निघून सायंकाळी साताऱ्यास परतता येईल अशा तीन फेऱ्यांची माहिती पुढे दिली आहे. नुसते स्थळवर्णन करावे असा हेतु नाही. कागद कोणत्या जागेतून आला हे ठाऊक नसेल, तर त्याचे अर्धे मोल जाते, हे या फेऱ्यांच्या निमित्ताने सांगावयाचे आहे.

पहिली फेरी माहुलीची. साताऱ्याच्या पूर्वेस सुमारे पाच किलोमीटरवर कृष्णा व वेण्णा यांचा संगम आहे. संगमावर विश्वेश्वराचे देवालय आहे. ते श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी इ. स. १७३५ च्या सुमारास बांधविले. रामशास्त्री प्रभुणे याच गावचे. शाहू महाराज ता. १५ डिसेंबर १७४९ रोजी निवर्तल्यावर त्यांचे दहन येथे झाले व सकवारबाई येथेच सती गेल्या. इ. स. १८१७ च्या ऑगस्टात दुसरा बाजीराव व माल्कम यांची भेटही माहुलीसच झाली. पुढे तीन महिन्यांत खडकीची लढाई झाली. इतक्या गोष्टी एका संगमाशी निगडित आहेत.

या ठिकाणी एक पथ्य पाळावे. नदीकाठी समाध्या पुष्कळ आहेत, व दाखविणारा मनुष्य प्रत्येकीस एखादे नाव देतो. शाहू महाराजांच्या आवडत्या कुत्र्याचीही समाधी दाखवितात, व त्याने धन्याचा जीव वाचविल्याची आख्यायिका सांगतात. ऐकलेले सर्व लिहून घ्यावे. परंतु वहीच्या पानावर मध्ये रेघ मारून एका बाजूस दगडावर कोरलेले व दुसऱ्या बाजूस तोंडी सांगितलेले, असे निरनिराळे लिहावे. ही रेघ एकदा राहून गेली की दहा वर्षांनी आपलेच टिपण आपल्यास फसविते.

दुसरी फेरी लिंबची. पुण्याच्या वाटेवर साताऱ्यापासून सुमारे पंधरा किलोमीटरवर हे गाव आहे. येथील बारा मोटांची विहीर प्रसिद्धच आहे. शाहू महाराजांच्या वीरूबाई यांनी ती शके १६४१ ते १६४६ या काळात, म्हणजे इ. स. १७१९ ते १७२४ च्या सुमारास, बांधविली. विहीर अष्टकोनी असून तिचा व्यास सुमारे ५० फूट व खोली सुमारे ११० फूट आहे. बारा मोटा एका वेळी चालाव्यात अशी तिची रचना असून, वरच्या बाजूस एक लहानसा महाल आहे. विहिरीवर शिलालेख आहे, त्यापाशी मात्र घाई करू नये.

ज्या संग्राहकांस शक व संवत्सर यांचा मेळ घालण्याची सवय नाही, त्यांनी येथे बसून तो घालून पाहावा. शकाच्या अंकात बारा मिळवून साठांनी भागावे. बाकी उरेल तो प्रभवापासून मोजलेला संवत्सराचा क्रम, व बाकी शून्य आल्यास साठावा क्षय संवत्सर समजावा. १६४१ त १२ मिळविले असता १६५३ होतात. साठांनी भागून ३३ उरतात. तेहेतिसावा संवत्सर विकारी. त्याच रीतीने १६४६ ची बाकी ३८, म्हणजे क्रोधी. पोथीच्या शेवटी अथवा पत्राच्या मित्तीत शक व संवत्सर यांचा मेळ बसला नाही, तर नकलकाराची चूक, वाचणाऱ्याची चूक किंवा बनावट कागद, यांपैकी कोणता प्रकार आहे, याचा विचार तेथूनच सुरू करावा लागतो.

तिसरी फेरी वाई व मेणवली यांची. वाई साताऱ्यापासून सुमारे पस्तीस किलोमीटरवर आहे. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी इ. स. १७६२ त बांधविलेले महागणपतीचे देवालय पाहून पुढे तीन किलोमीटरवर मेणवलीस जावे. तेथे नाना फडणिसांचा वाडा, कृष्णेवरील घाट व मेणेश्वराचे देवालय आहे. घाटावर एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर मेरी व बाल येशू यांची आकृति व १७०७ हा सन आहे. ही घंटा वसईच्या विजयानंतर आली असे सांगतात.

आता येथे सन जुळवून पाहावेत. घंटा ओतली १७०७ त. वसई मराठ्यांकडे आली १७३९ त. नानांचा जन्म १७४२ चा. आणि मेणवली त्यांस मिळाली १७६८ च्या सुमारास. म्हणजे सांगतात ते खरे धरले, तर घंटा वसईहून निघाल्यावर नानांच्या घाटावर येईपर्यंत सुमारे तीस वर्षे दुसरीकडे कोठे तरी असली पाहिजे. ओतल्याचा सन धातूवर आहे. प्रवासाची हकीकत धातूवर नसते, ती कागदातच सापडावयाची.

मेणवलीचे कागद मात्र आता वाड्यात नाहीत. नानांचे दप्तर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी उजेडात आणले. पारसनिसांच्या संग्रहासाठी साताऱ्यास वस्तुसंग्रहालय झाले, व पुढे इ. स. १९३९ त तो संग्रह पुण्यास डेक्कन कॉलेजात गेला. तथापि नानांच्या त्या कागदांस अभ्यासक अद्याप ‘मेणवली दप्तर’ असेच म्हणतात. कागद हलले, परंतु गावाचे नाव त्यांच्याबरोबर राहिले.

प्रस्तुत लेखकाच्या हातून याच्या उलट घडले आहे. तीस वर्षांपूर्वी एका जुन्या घरातील पोथ्यांचा रुमाल विकत मिळाला. रुमालाचे कापड कसरीने खाल्लेले, म्हणून ते टाकून दिले. त्यास बांधलेली चिठ्ठी न वाचताच त्याबरोबर गेली. पोथ्या विषयवार लावल्या: न्याय एका कपाटात, धर्मशास्त्र दुसऱ्यात. कपाटे सुबक दिसली. परंतु त्या पोथ्या एका शास्त्र्याच्या होत्या की दोघांच्या, व त्याने त्या कोणत्या क्रमाने ठेवल्या होत्या, हे आता कोणासही सांगता यावयाचे नाही. ज्या विक्रेत्याकडून घेतल्या, तोही हयात नाही.

यास्तव संग्राहकांस विनंती एवढीच की, कागद उचलण्यापूर्वी गाव, घर व पेटी यांची त्याच दिवशी नोंद करावी. रुमाल सोडण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे. आतील क्रम मोडू नये. आणि चिठ्ठी, दोरी, कापड यांतील काहीही फुकट समजू नये. शक्य असल्यास कागदासह त्या गावी एक दिवस जाऊन यावे. ज्या वळणाचा, घाटाचा किंवा देवळाचा उल्लेख कागदात आहे, तो पुष्कळदा डोळ्यांसमोर उभा असतो, व मग वाचताना अडलेला शब्द सुटतो.