दवाखान्यातील उजेड आणि संगणकाची नजर

मधुमेह जुना होत गेला की डोळ्याच्या दृष्टिपटलातील बारीक रक्तवाहिन्या कमकुवत होऊन झिरपू लागतात. हा विकार म्हणजे डायबेटिक रेटिनोपॅथी. सुरुवातीला रुग्णाला काहीच जाणवत नाही आणि नजर अधू झाल्यावर तो डॉक्टरांकडे येतो, तोवर बराच बिघाड झालेला असतो. म्हणून दृष्टिपटलाची नियमित तपासणी हवी. पण थायलंडमध्ये मधुमेही लाखांनी आणि नेत्रतज्ज्ञ मोजकेच. परिचारिकांनी काढलेल्या छायाचित्रांचा अहवाल यायला तिथे कधीकधी १० आठवडे लागत.

गूगलच्या संशोधकांनी यासाठी सव्वा लाखाहून अधिक छायाचित्रांवर एक संगणकप्रणाली शिकवून तयार केली. त्यातली बरीच छायाचित्रे अरविंद, शंकर नेत्रालय अशा भारतीय रुग्णालयांतली होती. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तिचे निदान तज्ज्ञांच्या तोडीचे ठरले.

२०१८ च्या अखेरीस पथुम थानी आणि चिआंग माई प्रांतांतील दवाखान्यांत ती चाचणीसाठी वापरात आली, तेव्हा अडचण भलतीकडेच निघाली. अंधारात बाहुली रुंदावते आणि दृष्टिपटल स्पष्ट टिपता येते. पाहणी केलेल्या ११ दवाखान्यांपैकी अंधार करता येईल अशी स्वतंत्र खोली दोनच ठिकाणी होती. पहिल्या सहा महिन्यांतल्या १,८३८ छायाचित्रांपैकी २१ टक्के प्रणालीने अस्पष्ट म्हणून नाकारली. त्यांतली काही परिचारिकांना नीट वाचता येत होती. तरीही नियमानुसार त्या रुग्णाला दूरच्या रुग्णालयात पाठवावे लागे. ज्याची मजुरी बुडते आणि ज्याच्याकडे वाहन नाही, त्याच्यावर हा अन्यायच होता. काही परिचारिका तर रुग्णांना या चाचणीत सहभागी होऊ नका, असे सुचवू लागल्या. शिवाय छायाचित्रे इंटरनेटवरून पाठवावी लागत आणि जोडणी मंद असली की रांग खोळंबे.

हे सारे आधी दिसायला हवे होते. परिचारिकांचे रोजचे काम कसे चालते, हे प्रणाली बसवण्यापूर्वी पाहिले जायलाच हवे. त्याच परिचारिकांपैकी काहींनी आपले निदान प्रणालीशी पडताळून स्वतःचा हात सुधारला, हेही नोंदवण्यासारखे.

पुढे नियम बदलला. छायाचित्र नाकारले गेले तरी रुग्णाला थेट पाठवायचे नाही. आधी नेत्रतज्ज्ञाने ते छायाचित्र आणि रुग्णाच्या नोंदी पाहायच्या, असे ठरले. थायलंडमधल्याच ९ प्राथमिक केंद्रांतील साडेसात हजारांहून अधिक रुग्णांवरील अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रणालीच्या निदानावर नेत्रतज्ज्ञांची देखरेख होती आणि तिची अचूकता ९४.७ टक्के भरली.