चार अक्षरांतली गोष्ट
(लेखमाला : इंग्रजी वाचनाची पहिली पावलं, लेखांक 5)

मागच्या लेखात आपण अक्षराचं नाव आणि अक्षराचा आवाज यांतला फरक पाहिला. ‘बी, ए, टी’ ही नावं कितीही भरभर म्हटली तरी त्यांतून ‘बॅट’ उमटत नाही. त्यासाठी ब्, ॲ आणि ट् हे आवाज एकमेकांना जोडावे लागतात. हे जोडणं थोडंफार जमायला लागलं की घरातून प्रश्न येतो, “आता पुस्तक कोणतं आणू?” त्याचं उत्तर मुलाच्या वयात किंवा इयत्तेत शोधू नका. त्याला आजवर कोणते आवाज आले आहेत ते पाहा, आणि त्या आवाजांत जवळजवळ पूर्ण बसेल असंच पुस्तक आणा.

बऱ्याच फोनिक्स पद्धतींत सुरुवातीलाच एस, ए, टी, आय, पी, एन ही अक्षरं शिकवतात. कारण सरळ आहे. एवढ्या अक्षरांतून लगेच शब्द होतात: टॅप, पिन, टिन, पॅन, सिट. अमेरिकेतल्या शिक्षिका बॉबी लिन मॅसलेन यांनी 1976 मध्ये सुरू केलेल्या ‘बॉब बुक्स’मधली पहिली पुस्तिका तर एम, ए, टी, एस या चारच अक्षरांत आहे. चार अक्षरांत गोष्ट ती काय सांगणार, असं मोठ्यांना वाटतं. पण नुकतंच वाचायला लागलेलं मूल ती पुस्तिका कुणाला न विचारता शेवटपर्यंत नेतं आणि ‘मी अख्खं पुस्तक वाचलं!’ असं घरभर सांगत सुटतं. पहिल्या पुस्तकाकडून याहून जास्त काही मागू नये.

सोपं दिसणारं प्रत्येक पुस्तक या कामाचं नसतं. डॉ. स्यूस यांनी 1957 मध्ये ‘द कॅट इन द हॅट’ 236 वेगवेगळ्या शब्दांत लिहिलं, तर 1960 मधलं ‘ग्रीन एग्ज अँड हॅम’ अवघ्या 50 शब्दांत. दोन्ही पुस्तकं घरात असावीत अशीच आहेत. ती तुम्ही वाचून दाखवा. त्यांत शब्द मोजके आहेत, पण ‘वुड’, ‘कुड’, ‘हाउस’ हे शब्द एकेका अक्षराच्या आवाजावरून सुटत नाहीत. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’वर 2015 पासून फुकट मिळणाऱ्या गोष्टींचंही असंच आहे. तिथली पहिली पातळी म्हणजे छोटी वाक्यं आणि सोपी गोष्ट. त्यात अमुकच आवाज येतील याची हमी नाही.

दुकानात ‘फोनिक्स’ असं ठळक छापलेली कितीतरी पुस्तकं मिळतात. मुखपृष्ठावर जाऊ नका, आतली पानं उघडा. ‘एक्स फॉर झायलोफोन’ दिसलं तर पुस्तक परत ठेवा. झायलोफोनमध्ये एक्सचा आवाज ‘झ’ आहे. मुलाला हवा आहे तो बॉक्स आणि फॉक्सच्या शेवटी येणारा ‘क्स’. ‘आय फॉर आइसक्रीम’ आणि ‘जी फॉर जिराफ’ हेही तसेच चकवे. मग चित्रं पाहा. चित्रावरूनच शब्द ओळखता येत असेल तर मूल अक्षरांकडे बघतच नाही. चांगल्या पुस्तकात आधी शब्द वाचावा लागतो आणि चित्र नंतर त्याला दुजोरा देतं.

आपल्या घरातल्या मुलाचा एक मोठा फायदा मला इथे आवर्जून सांगायचा आहे. बस, बॅग, कप, पेन, मग, जग, टब, पिन, बेड, नेट हे शब्द ते जन्मल्यापासून ऐकतं. आवाज जोडून ‘टब’ झाला की न्हाणीघरातला टब लगेच डोळ्यांपुढे येतो, आणि आपण बरोबर वाचलं हे त्याचं त्यालाच कळतं. ‘व्हॅट’ किंवा ‘फेन’ वाचून झाल्यावर मात्र ते तुमच्या तोंडाकडे बघत राहतं. म्हणून दोन पुस्तकं सारखीच सोपी असतील तर ओळखीचे शब्द जास्त असलेलं घ्या.

अडचण येते ती ‘अ’ची. आपल्याकडे ब म्हणजे ब् आणि अ, त्यामुळे मूल ‘बअ-ॲ-टअ’ असं म्हणतं आणि शब्द काही जुळत नाही. आवाज आखूड, पाय मोडून म्हणून दाखवा. ‘घर’ वाचताना शेवटच्या र मधला ‘अ’ ते सहज गाळतंच. तेच इथे करायचंय, एवढं सांगितलं तरी पुरतं.

पुस्तक घेण्याआधी मधलं कुठलंही एक पान मुलाला वाचू द्या. एखाद्या शब्दाला अडखळलं तर हरकत नाही. तीन-चार ठिकाणी थांबलं तर ते पुस्तक दोन महिन्यांनी आणा, आणि ‘एवढंही येत नाही?’ हे वाक्य तोंडातून निघू देऊ नका. घरी वाचताना अडलं की शब्द सांगून मोकळं होण्यापेक्षा पहिल्या आवाजावर बोट ठेवा आणि थांबा. तेच पुस्तक पुन्हा पुन्हा मागितलं तर खुशाल द्या. चौथ्यांदा वाचताना ते आवाज जोडत बसत नाही, शब्द थेट ओळखतं. हे होण्यासाठीच तर आपण पुस्तक आणलं.

‘द’, ‘वॉज’, ‘सेड’ असे आवाजांच्या नियमात न बसणारे काही शब्द मात्र चार अक्षरांच्या पुढच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात येतात. ते कधी आणि कसे शिकवायचे, ते पुढच्या आठवड्यात पाहू.