नीरा, बोंबील, चिकू आणि उंबाडियू : डहाणू-तलासरीतला एक रविवार

डहाणूला जायचे आमच्या घरी कितीतरी वर्षे नुसतेच ठरत होते. अब्बांचे बालपण तिथले. पण दादाजान गेल्यावर घर विकले गेले आणि जाणे सुटले. या जानेवारीत धाकटीनेच हट्ट धरला. सातवीत आहे ती. भूगोलाच्या बाईंनी चिकूचा धडा शिकवताना डहाणूचे नाव घेतले आणि हिने वर्गात सांगून टाकले, "आमच्या दादांचे गाव आहे ते!" मग जाणे भागच होते.

ठरले ते असे : हॉटेलात बसायचे नाही, डबा न्यायचा नाही, रस्त्यावर जे मिळेल तेच खायचे-प्यायचे. मांस-मटण मात्र नाही. प्रत्येक गाडीवर "हलाल आहे का?" विचारत बसण्यापेक्षा मासळी आणि भाजीपाल्यावर दिवस काढणे सोपे. पिण्याच्या बाबतीतली अट अब्बांनी घातली. "जे या पोरीला देता येईल तेच सगळ्यांनी प्यायचे." डहाणूत ही अट काही साधी नाही. ताडी-माडीचा हा मुलूख. आमचे धाकटे चाचा अशाच एका ताडीच्या मांडवात बसू लागले, पुढे बाटलीवर गेले आणि चाळिशी गाठायच्या आत संपले. तेव्हापासून अब्बांनी त्या झाडाचा रस, नीरा असो की ताडी, घरात येऊ दिला नव्हता.

शनिवारी संध्याकाळी मीरा रोडहून निघालो, विरारला गाडी बदलली आणि डहाणू रोडला उतरलो. एप्रिल 2013 पासून लोकल इथपर्यंत धावते. चर्चगेटपासून हे अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर. विरारच्या पुढे गाड्या कमी आहेत, म्हणून वेळापत्रक पाहूनच निघावे. रात्री खालांकडे मुक्काम केला. हा मुक्काम गरजेचाच आहे, कारण या दिवसाची पहिली गोष्ट सूर्य वर येण्याआधी गाठावी लागते.

फजर झाली आणि अंधारातच निघालो. खालूंच्या ओळखीच्या एका वाडीत वारली समाजातले एक बाबा खजुरीवरून मडके उतरवत होते. शेंड्याखाली साल तासायची, तिथे संध्याकाळी मडके बांधायचे, रात्रभर थेंब थेंब रस गळतो आणि उजाडायच्या आत तो उतरवायचा. मडक्याला आतून चुना लावलेला होता. धाकटीने विचारले, "चुना कशाला?" बाबा म्हणाले, "चुना नाय लावला तं रस रातीच चढतो." सगळी गोम तिथेच आहे. ताज्या रसात नशा नसते. हवेतले आणि भांड्यातले किण्व त्यात वाढू लागले, ऊन लागले, की काही तासांत तो आंबून त्याची ताडी होते. झाड तेच, रसही तोच, फरक चुन्याचा आणि घड्याळाचा. म्हणूनच कायद्याने नीरेलाही परवाना लागतो. आपण घ्यायची ती परवानाधारक केंद्रावरून किंवा डोळ्यांसमोर उतरलेली, थंड आणि गोड वासाची. फेस आला असेल किंवा आंबूस वास असेल तर ग्लास खाली ठेवावा.

ग्लास आधी अब्बांच्या हातात गेला. त्यांनी तो नाकाजवळ नेला, बराच वेळ धरून ठेवला आणि मग नातीला दिला. ती एका दमात प्यायली. "शहाळ्यासारखे आहे, पण धुराचा वास येतो," म्हणाली. आम्हीही घेतली. अब्बांनी घेतली नाही, आणि कोणी आग्रहही केला नाही. अम्मीने मात्र अर्धा ग्लास जास्तच घेतला!

याच रसाचा उकळून गूळही होतो. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची ताडगूळ संस्था डहाणूतच आहे. जून 2020 मध्ये आयोगाने इथल्या 200 कारागिरांना सात दिवसांचे प्रशिक्षण आणि कढई, साचे, सुरी, दोर अशी साधने दिली होती. नीरेला गिऱ्हाईक मिळाले तर झाडावर चढणाऱ्याला ताडीवर अवलंबून राहावे लागणार नाही, हे आम्हाला पटते. बाबांचे दोन्ही मुलगे मात्र झाडावर चढत नाहीत, वापीला कारखान्यात जातात.

उजाडल्यावर समुद्राकडे वळलो. धाकट्या डहाणूच्या बाजूला बांबूच्या मांडवांवर बोंबील सुकत होते. ओले बोंबील रव्यात घोळवून तव्यावर कुरकुरीत करून देणाऱ्या एका मावशी भेटल्या. सोबत तांदळाची भाकरी आणि लाल चटणी. कागदी ताटलीत, उभ्या उभ्या. आम्ही तीन वेळा मागून घेतले. शेजारच्या टोपलीत कुर्ल्या होत्या आणि तिथे आमच्या घरातला जुना वाद उकरला गेला. आम्ही कोकणी, शाफई. समुद्रातले सारे आम्हाला चालते. भाभी हनफी, त्यांना मासा चालतो पण कुर्ली नाही, आणि कोळंबीबद्दल त्यांच्या माहेरीही दोन मते आहेत. भाईने कुर्ली मागवली, भाभींनी बोंबलाची ताटली हातात घेऊन चार पावले पलीकडे जाऊन खाल्ली. लग्नाला चौदा वर्षे झाली, वाद अजून ताजा आहे.

मावशींना बंदराबद्दल विचारले. इथे कोणाशीही पाच मिनिटे बोला, वाढवणचा विषय निघतोच. केंद्र सरकारने 20 जून 1991 रोजी डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या प्राधिकरणाने 1998 मध्ये वाढवण बंदराला नकार दिला. त्याच प्राधिकरणाने जुलै 2023 मध्ये परवानगी दिली आणि 30 ऑगस्ट 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. खर्चाचा आकडा 76 हजार कोटींच्या वर आहे. रोजगार येईल असे काही जण म्हणतात, मासेमारांच्या संघटना विरोधात आहेत. मावशी एवढेच म्हणाल्या, "बोटी मोठ्या येतील गं. आमचं जाळं कुठं टाकायचं ते कोण सांगत नाय." आम्ही खाण्याच्या मोहिमेवर आलो होतो, पण तव्यावरचा तो बोंबील जिथून येतो त्या पाण्याचा हा प्रश्न आहे. तो सोडून पुढे जाणे आम्हाला बरे वाटले नाही.

डहाणूहून बोर्डीपर्यंत दिवसभरासाठी एक जीप ठरवली. भाडे आधीच बोलून घ्यावे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चिकूच्या वाड्या, त्यांत बऱ्याच इराणमधून आलेल्या झरतुष्टी कुटुंबांच्या. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. इथली मुख्य जात कालीपत्ती. झाडावरचा चिकू कच्चा असतो, चिकाने जीभ धरते, म्हणून तोडल्यावर काही दिवस ठेवून पिकवतात. वाटेवरच्या टपऱ्यांवर चिकूचे काप, लोणचे, हलवा आणि कुल्फी मिळते. कुल्फी झकास होती, लोणचे मात्र आम्हाला गोडच लागले. अब्बांना साखरेचा आजार, तरी त्यांनी अर्धा चिकू मिटक्या मारत खाल्ला आणि अम्मीकडे पाहिले नाही.

बोर्डीत चिकूची वाइनही बनते, म्हणून "चिकूचे पेय" असा फलक दिसला तर आधी विचारून घ्यावे. आम्हालाही विचारायची वेळ आली, पण वेगळ्याच ठिकाणी. दहा-साडेदहा वाजले होते. रस्त्याकडेला एक बाई कॅन घेऊन बसल्या होत्या, शेजारी 'नीरा' लिहिलेला पुठ्ठा. धाकटीला सकाळची चव आठवली आणि ती धावलीच. बाईंनी तिच्याकडे पाहिले, मागून येणाऱ्या अम्मीच्या बुरख्याकडे पाहिले आणि कॅनचे झाकण लावून टाकले. "नको बाय, ही आता चढली. तुमच्या कामाची नाय. सकाळी या." आम्ही सगळे गप्प. विकली असती तर आम्हाला कदाचित कळलेही नसते. अब्बा पुढे झाले, त्यांच्याकडचे दोन डझन चिकू घेतले, भाव केला नाही. जीपमध्ये बसल्यावर बऱ्याच वेळाने म्हणाले, "त्याला कोणी असे सांगितले असते तर." चाचांचे नाव त्यांनी घेतले नाही.

जोहर सुरूच्या झाडांखाली, वाळूवर चटई टाकून पढलो. मग तलासरी.

किनारा सुटला की मुलूख बदलतो. तलासरी आदिवासी तालुका, वारली वस्ती. याच तालुक्यातल्या झरी गावात 23 मे 1945 रोजी वारल्यांची ती मोठी सभा भरली आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' ज्यांनी वाचले आहे, त्यांना ही नावे ओळखीची वाटतील. आज रस्त्याकडेला त्याच समाजाच्या बाया कंद, वालाच्या शेंगा, सुकी मासळी, मोहाची वाळलेली फुले घेऊन स्वतःचा भाव स्वतः सांगत बसलेल्या असतात. मोहाचे फूल नुसते खाल्ले तर मनुकेसारखे गोड. त्याचीच दारूही गाळतात. म्हणजे इथेही तीच गोष्ट.

महामार्गावर गुजरातची हद्द जवळ आली की थंडीच्या दिवसांत मडक्यांचे ढीग आणि धूर दिसू लागतो. ते उंबाडियू. पापडी, जांभळा कंद, रताळी, बटाटे यांना हिरवी मिरची, ओली लसूण, कोथिंबीर यांचे वाटण चोळतात, मडक्यात रानपाला घालून भरतात, तोंड पाल्यानेच बंद करतात आणि मडके पालथे ठेवून भोवती जाळ करतात. तेल नाही, पाणी नाही. मडके उघडल्यावर जो वास येतो त्यासाठी एवढ्या लांब यायला हरकत नाही. सोबत हिरवी चटणी आणि मठ्ठा. अम्मीने विक्रेत्याला पाल्याचे नाव दोनदा विचारले, कागदावर लिहून घेतले, आणि आमच्या इमारतीच्या गच्चीवर जाळ करू देतील का, याची चौकशी तिथेच सुरू केली.

असर वाटेतच झाली. डहाणू रोडला परत येईपर्यंत मगरिबची वेळ झाली होती. खालांनी दिलेल्या चहाशिवाय दिवसभरात कोणाच्या घरचे काही पोटात गेले नव्हते, आणि कोणाचे पोटही बिघडले नाही. पाण्याच्या बाटल्या मात्र आम्ही घरूनच नेल्या होत्या, हे कबूल केले पाहिजे.

गाडीत धाकटीने विचारले, "दादा, पुढच्या वेळी तुम्ही नीरा पिणार?" अब्बा खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "त्या बाईंकडे सकाळी लवकर पोहोचलो तर पाहू."

चिकू तांदळाच्या डब्यात ठेवले. बुधवारी सकाळी पहिले चार पिकले होते.