रोह्याची रात्रपाळी, तुमची पहाट

भरतीसाठी पळायला, क्लासला किंवा पहिली एसटी पकडायला पहाटे घराबाहेर पडलात की सेनगावच्या रस्त्यांवर रोही, ससा, कोल्हा दिसतात. ते कुठून येतात, कुठे जातात? आणि ते दिसले की आपण करतो काय?

पहाटेचे पाच. पायात स्पोर्ट्स शूज, कानात इअरफोन, मोबाइलवर स्टॉपवॉच सुरू. सोळाशे मीटरचं टायमिंग बसवायचंय. सेनगावहून हिंगोलीकडे निघा, रिसोडकडे निघा नाहीतर जिंतूरकडे. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी या वेळेला रस्त्यावर दिसणारच. कदाचित तुम्हीही त्यांच्यातलेच.

अशा वेळी अंधुक उजेडात समोर काहीतरी मोठं, काळसर उभं असतं. गाय म्हणावी तर मान उंच. घोडा म्हणावा तर डोक्यावर आखूड शिंगं. दोन सेकंद ते तुमच्याकडे बघतं, तुम्ही त्याच्याकडे. मग ते टणाटण उड्या मारत तुरीत शिरतं.

रोही! पुस्तकातली नीलगाय. नावात गाय असली तरी ती गाय नाही. आशियातली कुरंग गटातली ही सगळ्यात मोठी जात. निळसर राखाडी आणि शिंगं असलेला तो नर, तपकिरी आणि बिनशिंगाची ती मादी.

आपला हात आपोआप मोबाइलकडे जातो. व्हिडीओ, गाणं, स्टेटस. मित्रांचे फायर इमोजी. विषय संपला.

पण खरा विषय तिथूनच सुरू होतो.

जंगलातून कोण आलंय?

‘जंगलातली जनावरं गावात घुसायला लागली’ असं आपण सहज बोलून जातो. पण आपल्या तालुक्यात डोळ्यांत भरेल असं घनदाट जंगल आहे कुठे? आपल्याकडे आहेत ते माळ, मुरमाड टेकड्या, गायरानं, कयाधूला मिळणारे ओढे आणि मधे पसरलेलं सोयाबीन, तूर, हरभरा, कापूस.

आणि गंमत म्हणजे रोही, काळवीट, लांडगा ही मुळात गच्च झाडीत राहणारी जनावरं नाहीतच. त्यांना लागतो मोकळा माळ, गवत, खुरटी झुडपं. म्हणजे ते आपल्या घरात घुसलेले पाहुणे नाहीत, आपल्याच वस्तीतले जुने रहिवासी आहेत. फक्त त्यांच्या घराची कागदावर नोंद ‘पडीक जमीन’ अशी होते. पडीक म्हटलं की कुणी नांगर घालतं, कुणी मुरूम उपसतं, कुणी प्लॉट पाडतं. माळ आक्रसतो आणि शेजारी मात्र हिरवागार हरभरा उभा असतो. भुकेलं जनावर काय करणार?

दुसरं कारण आणखी जुनं आहे. या जनावरांना धाकात ठेवणारे शिकारी प्राणी गेले. काळवीट इतकं जबरदस्त पळतं, कारण त्याच्यामागे कधीकाळी चित्ता असायचा. तो चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं १९५२ मध्ये जाहीर झालं. पुढे १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियाहून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत आणून सोडले, त्याचे व्हिडीओ आपण सगळ्यांनी बघितले. लांडगे अजून आहेत, पण विरळ. मग रोह्याला आणि रानडुकराला अडवणारं उरलं कोण? बॅटरी घेऊन बसलेला शेतकरी.

पहाटच का?

सोपं आहे, ही शिफ्ट बदलायची वेळ आहे. रानडुक्कर आणि सायाळ रात्रीच फिरतात. ससा आणि कोल्हा यांना झुंजूमुंजूचा उजेड मानवतो. रोही खरं तर दिवसाही चरणारा प्राणी. पण माणसांचा त्रास असला की पिकात शिरायला तो रात्र निवडतो. सगळ्यांची रात्रपाळी पहाटे सुटते आणि तेव्हाच तुमची दिवसपाळी सुरू होते. रस्ता मात्र एकच.

हंगामाप्रमाणे हे बदलतं, तेही बघा. पावसाळ्यात सोयाबीन नुकतं उगवलं की कोवळ्या पानांवर कळप येतात. सोयाबीन निघालं की रान उघडं पडतं आणि पुरुषभर वाढलेली तूर हीच लपायची जागा उरते. नंतर हरभरा. आणि पळस फुलायच्या दिवसांत ओढे आटले की पावलं पाण्याकडे वळतात, मग ती शेततळी असोत, विहिरीजवळचं पाणी असो की येलदरीचा जलाशय.

कोण येऊन गेलं, ओळखा

जनावर दरवेळी दिसेलच असं नाही, पण ते सही करून जातं. ती वाचायला शिका.

दोन भागांचा खूर म्हणजे रोही, हरीण किंवा रानडुक्कर. एकाच ठिकाणी लेंड्यांचा ढीग दिसला तर रोही तिथे पुन्हा पुन्हा येतोय. माती नांगरल्यासारखी उकरलेली असेल तर रानडुक्कर. काळा-पांढरा लांब काटा सापडला तर सायाळ. आणि हो, सायाळ काटे फेकून मारते हे खोटं. काटे सैल असतात, गळून पडतात किंवा शत्रूच्या अंगात रुतून राहतात.

कोल्हा आणि लांडगा यांत घोळ होतोच. कोल्हा लहान, शेपूट झुपकेदार. लांडगा उंच, लांब पायांचा, सडपातळ. शेपूट खाली सोडून चालणारा. गावातल्या कुत्र्याची शेपूट बहुतेकदा वर वळलेली असते.

सगळ्यात कामाची गोष्ट बिबट्याची. ‘अमुक शिवारात बिबट्या’ असा मेसेज ग्रुपवर पडला की अख्ख्या गावाची झोप उडते. बाया रानात जायला घाबरतात, खुरपणी थांबते. अशा वेळी ठसा बघा. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, त्यामुळे ठशात नखं उमटत नाहीत. कुत्रा, कोल्हा, लांडगा, तरस यांच्या ठशात नखांच्या खुणा दिसतात. शंका असेल तर ठशाशेजारी पेन ठेवून फोटो काढा आणि तो आधी वनरक्षकाला पाठवा, ग्रुपवर नाही. वन विभागाची ‘हॅलो फॉरेस्ट’ हेल्पलाइन आहे, नंबर १९२६. आत्ताच सेव्ह करा.

रस्त्यावरचा तिसरा

आता त्या स्टेटसमध्ये न दिसणाऱ्या माणसाबद्दल. तुम्ही पळायला निघता तेव्हा तो जागलीवरून परत येत असतो. अंगावर घोंगडी, हातात बॅटरी आणि काठी, डोळे लाल. तुमचे काका, मामा, शेजारचे दादा किंवा खुद्द तुमचे वडील.

त्यांनी काय काय केलेलं असतं ते आठवा. बांधाभोवती जुन्या साड्या बांधल्या, डबे वाजवले, भोंगा लावला, झटका मशीन बसवलं. तरी एका रात्रीत कळप येतो, खातो थोडं आणि तुडवतो जास्त. तुम्हाला रोही दिसतो, त्यांना गेलेला हरभरा दिसतो. तुमच्या कॉलेजची फी त्याच हरभऱ्यातून जाणार होती.

म्हणून ‘रोही किती क्यूट’ हेही अर्धं आणि ‘मारून टाका सगळे’ हेही अर्धं. शिकार हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. पहाटे दुचाकीच्या उजेडात ससा पकडायची मजा हाही त्यातच येतो. वैतागून कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडणं तर सगळ्यात भयंकर. ती तार रोही ओळखत नाही आणि माणूसही. अंधारात पाणी द्यायला निघालेला शेजारीच तिला चिकटू शकतो. झटका मशीनचा धक्का क्षणभराचा असतो, तो जनावराला हुसकावतो, जीव घेत नाही. हा फरक घरी समजावून सांगणं तुमचं काम.

फोन काढा, पण कामासाठी

वन्यप्राण्यांनी पीक खाल्लं तर शासन भरपाई देतं. त्यासाठी तीन दिवसांच्या आत जवळच्या वन कर्मचाऱ्याकडे तक्रार द्यावी लागते, मग पंचनामा होतो. सातबारा, आधार, बँक पासबुक आणि नुकसानीचे फोटो जवळ हवेत. बऱ्याच घरांत ही तीन दिवसांची मुदत हळहळण्यातच निघून जाते. रात्रभर जागलेल्या माणसाला अर्ज लिहायचं त्राण नसतं. तुम्हाला असतं. रील बनवायला पाच मिनिटं लागतात. ठसे, तुडवलेलं पीक, तारीख-वेळ यांचे फोटो काढून अर्ज लिहायला जेमतेम अर्धा तास.

रस्त्यावर काय करायचं तेही लक्षात ठेवा. जनावर दिसलं की थांबा. मागे पळू नका, दगड मारू नका, फ्लॅश मारू नका. रानडुकराच्या मादीबरोबर पिल्लं असतील तर शांतपणे मागे सरका. अंधारात पळताना एक कान तरी इअरफोनशिवाय ठेवा. दुचाकीवर असाल तर वेग कमी ठेवा, आणि एक रोही रस्ता ओलांडून गेला की लगेच गाडी रेटू नका. त्याच्या मागे दुसरा असू शकतो. या धडकेत दोघंही मरू शकतात.

आणि एक वही करा. तारीख, वेळ, शिवार, कोण दिसलं, किती दिसले, काय करत होते. एवढ्या सहा गोष्टी. आयनॅचरलिस्टवर, किंवा पक्षी असेल तर ई-बर्ड ॲपवर नोंद टाकलीत तर ती अभ्यासकांपर्यंतही पोचते. अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि पक्षितज्ज्ञ सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. सुरुवात तेव्हा करा, नाहीतर उद्याच करा.

मोठ्या अभयारण्यांत मोजायला लोक येतात. आपल्या माळावर कोण राहतं, हे मोजायला बाहेरून क्वचितच कुणी येतं. तुम्ही तसेही रोज तिथून पळताय. भरतीचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर शे-दोनशे पहाटांचा हिशेब तुमच्या वहीत जमा झालेला असेल, आणि तो तालुक्यात दुसऱ्या कुणाकडेच नसेल.