मारिया साबिनाचं देणं

मेक्सिकोच्या दक्षिणेला, वाहाका राज्याच्या डोंगरांत वाउत्ला दे हिमेनेस हे मासातेक आदिवासींचं गाव आहे. जून १९५५च्या अखेरीस, ऐन पावसाळ्यात, न्यूयॉर्कच्या जे. पी. मॉर्गन बँकेचे एक उपाध्यक्ष गॉर्डन वॉसन तिथे पोहोचले आणि गावच्या एका अधिकाऱ्याकडे त्यांनी पवित्र अळंबीची चौकशी केली. अधिकाऱ्याने मारिया साबिना या वैदू बाईला निरोप धाडला. त्या अधिकाऱ्याने सांगितलं म्हणून आपण होकार दिला, असं तिने पुढे सांगितलं.

२९ जूनच्या रात्री आधी सगळ्यांना चॉकलेटचं पेय मिळालं. मग मारियाने कोपालच्या धुपावर अळंबी धरली आणि जोडीजोडीने वाटली. वॉसन यांच्या वाट्याला सहा जोड्या आल्या, तिने स्वतः त्याहून बऱ्याच जास्त खाल्ल्या. देव्हाऱ्यात ख्रिस्ती संतांच्या तसबिरी होत्या. मेणबत्ती विझली आणि काळोखात तिचं गाणं सुरू झालं. ते पहाटेपर्यंत चाललं. मासातेक लोक या विधीकडे वळत ते आजारपणात. दुखणं कशामुळे आलं, माणूस वाचेल का, हे अळंबीला विचारायचं, आणि उत्तर वैदूच्या तोंडून ऐकायचं. नुसतं देवदर्शनासाठी कुणी अळंबी खात नसे, हे मारियाने आपल्या आत्मकथनात ठामपणे सांगितलं आहे.

ही परंपरा जुनी. सोळाव्या शतकात सहागुन या स्पॅनिश धर्मोपदेशकाने अॅझ्टेक लोक मधासोबत अळंबी खातात, अशी नोंद केली होती. चर्चने ती सैतानी ठरवली आणि प्रथा डोंगरांत लपली. ती इतकी लपली, की १९१५मध्ये सॅफर्ड या अमेरिकी वनस्पतितज्ज्ञाने अशी अळंबी नव्हतीच, तो निवडुंग असावा, असं जाहीर केलं. वनस्पतितज्ज्ञ रिचर्ड शुल्टेस यांनी १९३८मध्ये वाउत्लातून नमुने आणले, तेव्हा तो दावा कोसळला. घराघरांत ठाऊक असलेल्या गोष्टीचा पुरावा बाहेरच्या तज्ज्ञाने आणावा लागला, हे मला आजही खटकतं.

मे १९५७मध्ये ‘लाइफ’ मासिकात वॉसन यांचा लेख आला. त्यात मारियाचं नाव बदललं होतं, पण गाव हुडकायला लोकांना वेळ लागला नाही. तिचं गाणंही अमेरिकेत ध्वनिमुद्रिकेवर निघालं. साठच्या दशकात हिप्पींची रीघ लागली. ज्या पदार्थासाठी मासातेक लोक पथ्य पाळत, तो रस्त्यावर विकला जाऊ लागला. गावकऱ्यांचा राग मारियावर निघाला. तिचं घर जळालं. परके आल्यापासून अळंबीतली शक्ती गेली, असं ती म्हणत असे. १९८५मध्ये ती गरिबीतच वारली.

     

वाउत्लाची अळंबी पॅरिसचे अळंबीतज्ज्ञ रोजे एम यांच्याकडून बाझेलच्या सँडोझ या औषध कंपनीत, रसायनशास्त्रज्ञ आल्बेर्ट हॉफमान यांच्या हाती आली. जनावरांवरच्या चाचण्यांतून काही निष्पन्न होईना, म्हणून हॉफमान यांनी बत्तीस वाळकी अळंबी, वजनाने २.४ ग्रॅम, स्वतः खाल्ली. रक्तदाब मोजायला वाकलेला डॉक्टर त्यांना अॅझ्टेक पुरोहित वाटू लागला. १९५८मध्ये त्यांनी अळंबीतली सायलोसायबिन आणि सायलोसिन ही द्रव्यं वेगळी केली. शरीरात सायलोसायबिनचा फॉस्फेट गट सुटतो आणि सायलोसिन उरतं. ते मेंदूतल्या सेरोटोनिनच्या एका विशिष्ट ग्राहकाला जाऊन बिलगतं. अळंबीचं देठ चिमटलं की निळं पडतं, त्यामागेही हाच रेणू आहे: जखम होताच फॉस्फेट सुटतो, सायलोसिनचं ऑक्सिडीकरण होतं आणि त्याच्या साखळ्या जुळून निळा रंग येतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी हे कोडं २०१९च्या सुमारास सोडवलं.

१९६२मध्ये हॉफमान वाउत्लाला गेले आणि मारियाला सायलोसायबिनच्या गोळ्या दिल्या. अळंबीची शक्ती गोळ्यांतही आहे, असा निर्वाळा तिने दिला. जगातल्या सर्वांत जाणत्या परीक्षकाची ती पावती होती.

पुढे बंदी आली. १९७१च्या आंतरराष्ट्रीय कराराने सायलोसायबिन पहिल्या परिशिष्टात टाकलं. संशोधनाने पुन्हा मूळ धरलं ते जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या २००६च्या अभ्यासानंतर. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याचे २३३ रुग्ण होते. २५ मिलिग्रॅमच्या एका मात्रेने तीन आठवड्यांनी ठळक उतार दिसला. बारा आठवड्यांपर्यंत तो ओसरू लागला, आणि काहींच्या मनात आत्महत्येचे विचारही नोंदवले गेले. घरी करून पाहण्याची ही गोष्ट नाही.

या चाचण्यांत रुग्णाला आधी तयार करतात, मंद उजेडाच्या खोलीत निजवतात, संगीत लावतात. प्रशिक्षित माणूस सहा-आठ तास उशाशी बसतो. मासातेक लोकांचं खरं ज्ञान मला इथे दिसतं: कुणासाठी, कधी, कुणाच्या सोबतीने. एकट्या रेणूचा शोध हा त्याचा लहानसा भाग.

आज कंपन्या सायलोसायबिनच्या स्फटिकरूपावरही पेटंट घेतात. पारंपरिक ज्ञानाच्या लाभात वाटा देण्यासाठी २०१०चा नागोया करार आहे, पण अमेरिका त्यात नाही. शिवाय रेणू आता कारखान्यात तयार होतो, त्यामुळे वाउत्लातून काही न्यावं लागत नाही आणि कुणाला विचारावंही लागत नाही. उशाशी बसण्याची रीत मात्र कारखान्यात बनलेली नाही. मासातेकांचा हक्क मोजायचा तर मोजणी तिथून सुरू व्हावी, आणि औषधाच्या किमतीत त्यांचा वाटा लेखी असावा.